विश्लेषण : तृतीयपंथीयांना स्वच्छतागृह हवे, पण ‘वेगळे’ की ‘सर्वांचे’?

देशातील प्रत्येक न्यायालयात आणि न्यायाधिकरणात पुरुष, महिला, अपंग आणि तृतीयपंथी अशा चौघांसाठी स्वच्छतागृहाची सोय असलीच पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ जानेवारी २०२५ रोजी दिला. स्वच्छतागृह ही केवळ सोयीची बाब नाही, राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा तो भाग आहे, असे न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने स्पष्ट केले आणि चार महिन्यांत अहवाल मागवला. मुदत उलटून गेल्यावर, जुलैमध्ये, २५ पैकी २० उच्च न्यायालयांकडून अहवालच आला नसल्याचे उघड झाले. न्यायालयांच्या स्वतःच्या आवारात ही गत असेल तर एसटी स्थानक, सरकारी रुग्णालय, तहसील कचेरी, बाजारपेठ, मॉल यांचे काय, हा प्रश्न उरतोच. त्याहून मोठा प्रश्न असा, की तृतीयपंथीयांसाठी तिसरी पाटी लावून हा विषय मिटतो का?

दारापाशी नेमके काय होते?

सार्वजनिक स्वच्छतागृहाचा कायदा दिल्लीत होतो, पण अंमल गल्ल्यावर बसलेला माणूस करतो. साडी नेसलेली तृतीयपंथी व्यक्ती आली की तो ‘तिकडे जा’ म्हणून पुरुषांच्या बाजूला बोट दाखवतो. पुरुषांच्या बाजूला गेले की टिंगल, शेरेबाजी, कधी त्याहून वाईट. महिलांच्या बाजूला गेले की आतल्या बायका बिचकतात, कोणीतरी ओरडते, मग सुरक्षारक्षक येतो. दोन्हीकडून नकार आल्यावर उरते ती आडोशाची भिंत नाही तर घरी पोहोचेपर्यंत कळ काढणे. अनेक जण तिसरा मार्ग पत्करतात. बाहेर पडायच्या दिवशी पाणीच प्यायचे नाही.

याचे परिणाम वैद्यकीय आहेत. लघवी तासन्‌तास रोखून धरणे आणि पाणी कमी पिणे यांतून मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो. लिंगबदलाच्या प्रवासातील अनेक पारलिंगी स्त्रिया स्पायरोनोलॅक्टोन हे औषध घेतात. ते पुरुषी संप्रेरकांचा परिणाम रोखते, पण मुळात ते लघवीचे प्रमाण वाढवणारे औषध आहे. म्हणजे ज्यांना स्वच्छतागृहाची गरज अधिक वेळा लागते त्यांनाच ते सर्वांत कमी मिळते. शस्त्रक्रियेनंतरच्या काळात तर स्वच्छ पाणी आणि बंद होणारे दार ही चैन नसून उपचाराचा भाग असतो.

या चर्चेत पारलिंगी पुरुष जवळपास दिसतच नाहीत. जन्माने स्त्री म्हणून नोंद झालेली, पण पुरुष म्हणून जगणारी ही माणसे. दाढी-मिशा असताना महिलांच्या बाजूला जाणे अशक्य. पुरुषांच्या बाजूला मुताऱ्यांची रांग असते, आणि बंद दाराचे एखादे शौचालय असलेच तर त्याची कडी तुटलेली. त्यांच्यापैकी काहींना मासिक पाळीही येते. पुरुषांच्या स्वच्छतागृहात सॅनिटरी पॅड टाकायला डबा ठेवावा, हे कोणत्याही महापालिकेच्या कंत्राटदाराला सुचत नाही.

कायदा काय सांगतो?

कायद्यात काही कमी आहे असे म्हणता येत नाही. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी या खटल्यात सहभागी होत्या. त्याच निकालात केंद्र आणि राज्यांना ज्या सूचना दिल्या गेल्या, त्यांत स्वतंत्र सार्वजनिक स्वच्छतागृहांचा स्पष्ट उल्लेख होता. म्हणजे २०२५ च्या आदेशातले बरेचसे ११ वर्षे आधीच सांगून झाले होते.

पुढे २०१७ मध्ये स्वच्छ भारत मोहिमेच्या ग्रामीण विभागाच्या मार्गदर्शक सूचनांत एक वेगळी वाट दिसली. तृतीयपंथीयांना सार्वजनिक स्वच्छतागृहात पुरुष वा महिला यांपैकी त्यांच्या पसंतीची बाजू वापरू द्यावी, असे त्यात म्हटले होते. त्यासाठी नवे बांधकाम लागत नाही. लागते ती गल्ल्यावरच्या माणसाला दिलेली समज.

तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९ मध्ये संमत झाला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. सर्वसामान्य जनतेसाठी असलेली कोणतीही सेवा वा सुविधा वापरण्यात भेदभाव करण्यास तो मनाई करतो. सार्वजनिक ठिकाणी जाण्यास वा ते वापरण्यास अडथळा आणला तर सहा महिने ते दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी तरतूद त्यात आहे. स्वच्छतागृह वापरण्यासाठी ओळखपत्र किंवा जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र दाखवावे, असे मात्र त्यात कोठेही म्हटलेले नाही. रखवालदाराने ‘कार्ड दाखवा’ म्हणण्याला कायद्याचा आधार नाही.

सप्टेंबर २०२० च्या नियमांनी मुदतही घातली. रुग्णालयांतील वॉर्ड, निवारे, स्वच्छतागृहे अशा सुविधा सरकारने दोन वर्षांत उभ्या कराव्यात. ती मुदत सप्टेंबर २०२२ मध्ये संपली. याच नियमांत दुसरीकडे असेही आहे, की प्रत्येक आस्थापनेने तृतीयपंथीयांसाठी समान संधी धोरण जाहीर करावे आणि त्यात स्त्री-पुरुष भेद नसलेल्या, म्हणजे ‘युनिसेक्स’ स्वच्छतागृहांसारख्या सुविधांचा तपशील द्यावा. थोडक्यात, एकाच विषयावर सरकारी कागदांत तीन उत्तरे आहेत : वेगळे बांधा, पसंतीचे वापरू द्या आणि सर्वांसाठी एकच ठेवा. यंत्रणेने त्यांतले पहिलेच उचलले. त्याचे उद्घाटन करता येते, हेही त्यामागचे एक कारण असावे.

वेगळ्या स्वच्छतागृहांनी काय साधले?

भोपाळमध्ये २०१७ साली मंगलवारा भागात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह सुरू झाले. वाराणसीत २०२१ मध्ये कामाच्छा भागात, तर मुंबईत २०२२ मध्ये गोरेगावच्या आरे परिसरात असे स्वच्छतागृह उभे राहिले. यांतला हेतू वाईट नव्हता. वर्षानुवर्षे ज्यांचा सरकारी आराखड्यात उल्लेखच नव्हता त्यांच्या नावाची पाटी लागणे, याला अर्थ आहे. समाजातील अनेकांची ही मागणीही होती आणि आहे. विशेषतः पारंपरिक हिजडा घराण्यांतील काहींना स्वतंत्र जागा अधिक सुरक्षित वाटते.

अडचण आहे ती भूगोलाची. भोपाळचा मंगलवारा हा तृतीयपंथीयांच्या वस्तीचाच भाग. पण माणसाला सार्वजनिक स्वच्छतागृह लागते ते घरापासून दूर असताना. रेल्वे स्थानकावर, रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, परीक्षा केंद्रावर, बँकेच्या रांगेत. २०११ च्या जनगणनेत देशात ४,८७,८०३ जणांची नोंद ‘इतर’ या रकान्यात झाली. महाराष्ट्रात हा आकडा ४०,८९१ होता. त्या वेळच्या ३५ जिल्ह्यांत विभागला तर जिल्ह्यामागे सरासरी जेमतेम १,२००. आपली ओळख घरच्यांपुढेही न सांगणारे कित्येक जण या नोंदीत नसणार, हे गृहीत धरूनही एक गोष्ट स्पष्ट आहे : संख्येने थोड्या आणि सर्वदूर विखुरलेल्या समाजासाठी प्रत्येक गरजेच्या ठिकाणी वेगळी इमारत उभी राहणे शक्य नाही. शहरात असे एक किंवा दोन स्वच्छतागृह होणार, आणि उरलेल्या सगळ्या ठिकाणी ‘तुमचे तिकडे आहे’ असे सांगायला निमित्त मिळणार.

दुसरी अडचण पाटीची. ‘तृतीयपंथीयांसाठी’ असे लिहिलेल्या दारातून आत जाणे म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येकाला आपली ओळख सांगणे. जी पारलिंगी स्त्री कार्यालयात, शेजारात केवळ स्त्री म्हणून वावरते तिला हे दार कामाचे नाही, उलट धोक्याचे आहे. नालसा निकालाने जी ओळख ठरवण्याचा हक्क व्यक्तीला दिला, ती जाहीर करायची की नाही हे ठरवण्याचा हक्क ही पाटी काढून घेते. आणि वापर कमी असलेल्या कोणत्याही सार्वजनिक खोलीचे आपल्याकडे जे होते ते याही खोलीचे होण्याची भीती असते. आधी कुलूप, मग झाडू-बादल्यांचे गोदाम.

अपंगांच्या खोलीवर दोघांचा हक्क

दिल्लीने दुसरा मार्ग काढला. दिल्ली उच्च न्यायालयातील एका जनहित याचिकेत सरकारने सांगितले, की अपंगांसाठी असलेली ५०५ स्वच्छतागृहे तृतीयपंथीयांसाठीही खुली केली आहेत, नऊ नवी बांधून झाली आहेत आणि ५६ बांधायला घेतली आहेत. मार्च २०२३ मध्ये न्यायालयाने काम पूर्ण करायला आठ आठवडे दिले. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये दिल्ली मेट्रोने स्थानकांवरील अपंगांची ३४७ स्वच्छतागृहे तृतीयपंथी प्रवाशांना वापरता येतील असे जाहीर केले. स्वतःच्या लिंगओळखीनुसार पुरुषांचे वा महिलांचे स्वच्छतागृह वापरण्याची मुभाही ठेवली. ही दुसरी ओळ बातम्यांत मागे पडली, वास्तविक मोलाची तीच होती.

अपंगांची खोली वापरू देणे हा तातडीचा उपाय म्हणून ठीक. ती एकट्याने वापरायची, पूर्ण दाराची आणि स्त्री-पुरुष असा भेद नसलेली असते. पण चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला दुसरा पर्यायच नसतो. त्याच्यासाठी असलेल्या एकुलत्या एका खोलीवर आणखी एका वंचित गटाचे नाव लिहायचे आणि दोन्ही गटांना सुविधा दिल्याचा अहवाल पाठवायचा, यात नवे काही बांधले जात नाही, फक्त आकडा दोनदा मोजला जातो. शिवाय लिंगओळख ही अपंगत्वाच्या खात्यात टाकली जाते, याचा सल वेगळाच.

‘सर्वांसाठी’ म्हणजे नेमके काय?

लिंगनिरपेक्ष स्वच्छतागृह म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर मुताऱ्यांची रांग आणि तिच्यासमोरून जाणाऱ्या बायका असे चित्र येते. त्यामुळे विरोध तिथेच सुरू होतो आणि तिथेच संपतो. प्रत्यक्षात अभिप्रेत आहे ते असे : जमिनीपासून छतापर्यंत भिंत आणि दार असलेली स्वतंत्र छोटी खोली, आतून नीट लागणारी कडी, आतच हात धुण्याचे भांडे, नळ, दिवा, पिशवी अडकवायला खुंटी आणि झाकणाचा कचराडबा. दाराबाहेर वर्दळीचा, उजेडाचा बोळ. एका वेळी एक व्यक्ती. ती कोण, हे विचारायचे कारण कोणालाच पडत नाही.

ही कल्पना परकीय नाही. घरातल्या न्हाणीघरावर कोणी पाटी लावत नाही. लांब पल्ल्याच्या रेल्वेगाडीत डब्याच्या टोकाला असलेले शौचालय पुरुष-बायका सगळे वापरतात. तिथे भेद असलाच तर ‘भारतीय’ आणि ‘पाश्चात्य’ एवढाच. पुण्याहून हावड्याला जाताना जे चालते ते पुणे स्थानकाच्या फलाटावर उतरताच अशक्य का व्हावे, याचे उत्तर संस्कृतीत नाही, बांधकामात आहे. डब्यातल्या शौचालयाला दार आणि कडी असते.

शिक्षणसंस्थांनी यात पुढाकार घेतला आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने काही वर्षांपूर्वी वसतिगृहात लिंगनिरपेक्ष व्यवस्था सुरू केली. हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठाने २०२२ मध्ये शैक्षणिक इमारतीतील स्वच्छतागृह आणि वसतिगृहाचा मजला असा बदलला. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये आपल्या संकुलात नऊ ठिकाणी सर्वांसाठीची स्वच्छतागृहे करण्याचे जाहीर केले. म्हणजे न्यायालयाने स्वतःसाठी ‘सर्वांचे’ निवडले आणि दीड वर्षाने देशभरच्या न्यायालयांना दिलेल्या आदेशात ‘चौघांसाठी’ अशी रचना आली. दोन्ही एकत्र वाचले तर वाट सापडते : सर्वांसाठीची खोली हाच तृतीयपंथीयांसाठीचा पर्याय मानता येतो. कागदावर चौथी पाटी दाखवण्यासाठी जिन्याखालची खोली शोधावी लागत नाही.

बाहेरच्या देशांत हा वाद फार तापलेला आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाने २०१६ मध्ये जन्मदाखल्यावरील लिंगानुसारच सरकारी इमारतीतील स्वच्छतागृह वापरण्याची सक्ती केली आणि वर्षभरात ती मागे घेतली. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समता कायद्यातील ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्री असा निकाल दिल्यावर पुन्हा स्वच्छतागृहेच वादाच्या केंद्रस्थानी आली. या कोलाहलात दोन साधे नियम मात्र झाकोळले गेले. कॅलिफोर्नियात मार्च २०१७ पासून एका वेळी एकानेच वापरायच्या स्वच्छतागृहावर स्त्री-पुरुष अशी पाटी लावता येत नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून नव्या अनिवासी इमारतींच्या नियमांत, स्वतंत्र हात धुण्याचे भांडे असलेल्या एकेरी ‘सार्वत्रिक’ खोलीची व्याख्याच दिली आहे. पहिल्या नियमाची नक्कल आपल्याकडे उद्याही करता येईल. उपाहारगृहे, दवाखाने, बँका, लहान कार्यालये यांत शेजारी शेजारी दोन एकेरी खोल्या असतात, एकीवर पुरुष, दुसरीवर स्त्री. दोन्हींवरची पाटी बदलली की झाले. रांगही कमी होते, कारण एक खोली रिकामी असताना दुसरीपाशी कोणी ताटकळत नाही.

महिलांची भीती खोटी आहे का?

नाही. आणि ती खोटी ठरवून हा प्रश्न सुटणारही नाही. महाराष्ट्रात बाईला रस्त्यावर स्वच्छतागृह मिळावे म्हणूनही लढावे लागले. ‘मिळून साऱ्याजणी’ने पुणे महापालिकेविरुद्ध केलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये राज्यभरच्या महापालिकांना महिलांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहे उभारण्याचे आदेश दिले. त्याआधी २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ मोहीम चालली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला मात्र पैसे, हा तिचा साधा सवाल होता. इतक्या कष्टाने मिळालेली जागा ‘सर्वांसाठी’ या नावाखाली पुरुषांनाही खुली होणार असेल, तर बायकांनी विरोध करणे योग्यच आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. महिलांच्या शौचालयांची संख्या एकानेही कमी होता कामा नये. सर्वांसाठीच्या खोल्या नव्याने बांधाव्यात, नाहीतर पुरुषांच्या बाजूच्या, मुताऱ्यांनी व्यापलेल्या जागेतून काढाव्यात. महिलांच्या बाजूला येणाऱ्या पारलिंगी स्त्रीबद्दल बोलायचे, तर ती तिथे येते ती पुरुषांच्या बाजूला जे घडते त्यापासून बचाव करण्यासाठी. दोघींना भीती एकाच गोष्टीची आहे. चोरून पाहणे, चित्रीकरण करणे, विनयभंग हे गुन्हे भारतीय न्याय संहितेत आहेतच आणि ते करणारा कोणत्या वेशात आला यावर ते अवलंबून नाहीत. छतापर्यंतची भिंत आणि घट्ट कडी बाईला जेवढी उपयोगाची तेवढीच तृतीयपंथीयाला. लहान मुलीला घेऊन आलेल्या बापाला आणि वृद्ध आईला आधार देणाऱ्या मुलालाही तीच खोली लागते. आज हे लोक दारात उभे राहून आत जाणाऱ्या अनोळखी बाईला ‘जरा हिच्याकडे बघाल का’ अशी विनंती करतात.

महापालिकांच्या हातात काय आहे?

राज्याने २०२० मध्ये तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन केले आणि मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तृतीयपंथी धोरणाला मंजुरी दिली. पण स्वच्छतागृहाचे भवितव्य धोरणापेक्षा निविदेत ठरते. ‘पैसे द्या आणि वापरा’ पद्धतीची स्वच्छतागृहे कंत्राटदार किंवा संस्था चालवतात. करारात पाणी, वीज, सफाई, दर यांची कलमे असतात. कोणालाही लिंगओळखीवरून अडवता येणार नाही आणि अडवल्यास दंड होईल, असे एक कलम त्यात घातले तर २०१९ चा कायदा गल्ल्यापर्यंत पोहोचेल. त्याला जागा लागत नाही, निधी लागत नाही. त्याबरोबर गल्ल्यावरच्या माणसाला अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण द्यावे आणि ते तृतीयपंथी कार्यकर्त्यांकडूनच द्यावे. स्वच्छतागृह चालवण्याचे कामच काही ठिकाणी या समाजातील बचत गटांकडे दिले तर रोजगारही मिळेल आणि दारात उभे राहणाऱ्याची भीतीही जाईल.

अडवले तर तक्रार कोठे?

कार्यालय, महाविद्यालय, रुग्णालय, मॉल अशा कोणत्याही आस्थापनेत २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे. तक्रार आल्यापासून १५ दिवसांत त्याने चौकशी करायची आणि अहवालानंतर १५ दिवसांत आस्थापनाप्रमुखाने कारवाई करायची, असे २०२० चे नियम सांगतात. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या आणि राज्य पातळीवर पोलीस महासंचालकांच्या अखत्यारीत तृतीयपंथी संरक्षण कक्ष असावा, अशीही तरतूद आहे. सार्वजनिक ठिकाणी अडवणे हा गुन्हा असल्याने पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. आस्थापनेचे समान संधी धोरण जाहीर करणे सक्तीचे असल्यामुळे ते कर्मचारीच काय, विद्यार्थी किंवा रुग्णही मागू शकतो. त्यात स्वच्छतागृहाबद्दल काय लिहिले आहे आणि इमारतीच्या कोणत्या मजल्यावर ते दार आहे, हे दोन प्रश्न विचारायला तृतीयपंथीच असावे लागत नाही.